राजीखुशीने

जांभळ्या शाईच्या पॅडवर आधीच्या कुणाचा तरी अंगठा रेघ न् रेघेसकट उमटलेला होता — आता त्यावर आपला टेकवायचा, की झालं, असं भूमेश्वरीला वाटलं. सही करायचीच होती तिला. बाबांना जाऊन सात महिने झाले होते. सातबाऱ्यावर तिचंही नाव चढलं होतं, आणि ते काढायला हक्कसोडपत्र लागतं, असं धाकट्या भावानं, संजूनं, फोनवर सांगितलं, म्हणून ती सकाळच्या गाडीनं गोंदियाहून अर्जुनी मोरगावच्या या कचेरीत आली होती. पण अंगणवाडीत रोज मुलांना अक्षरांवर बोट ठेवायला शिकवणाऱ्या बाईचं बोट आपोआप कागदावर गेलं. ‘मी राजीखुशीने...’

राजीखुशीने. सातवीनंतर शाळा सोडवली तेव्हा आईनंही लोकांना हेच सांगितलं, पोरगी खुशीनं राहिली घरी — संजू तेव्हा वर्षाचा, आई धानाच्या रोवणीला जायची, तो माझ्या खांद्यावर झोपायचा, त्याची लाळ तिथंच वाळायची, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू... लग्नही खुशीनं. नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आले, तर आठव्या दिवशी बाबांनी परत पोचवून दिलं, तेही म्हणे माझ्याच खुशीनं. पुढं नवऱ्याचं घर सोडून गोंदियाजवळ फुलचूरला भाड्यानं खोली घेतली, तेवढं एक मात्र कुणीच खुशीनं म्हटलं नाही.

“वाचता काय बाई, छापील रायते ते,” कारकून म्हणाला.

“मी नाही करत सही.”

“काऊन?” शेजारी उभ्या संजूला आधी हसूच आलं.

“यात राजीखुशीनं लिवलं हाय. माझी खुशी नाही.”

“जमीन पाह्यजे तुले?”

“मालूम नाही रे.” ते खरंच होतं.

 कचेरीबाहेर तिच्याकडे न बघता, पण लहानपणापासूनच्याच हाकेनं तो म्हणाला, “आता घरी येऊ नको, बाई. दिवाळीलेही नको.”

कचेरीसमोरच्याच थांब्यावर ती गोंदियाच्या गाडीत चढून बसली. खिडकीतून त्याची पाठ दिसत होती, घामानं भिजलेली — यानं सकाळपासून काही खाल्लं नसेल, तिच्या मनात आलं, आणि मग रडू आवरेना. उतरावं, एवढंच विचारावं, जेवलास का रे... गाडी सुरू झाली. ती उतरली नाही. एवढं रडू येतं आणि तरी पाय जागचे हलत नाहीत, असं आपल्या बाबतीत होऊ शकतं, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. आणि हे पाय कुणाचे, याची तिला थोडी भीतीच वाटली.