मनोऱ्याखालचं घर

साठ गावं रेडिओ ऐकायची ती मनोरेवाल्यांच्या जिवावर, आणि मनोरेवाल्यांच्याच घरात रेडिओ नुसता खरखरायचा! मनोरा परसातच उभा, टोक बघताना टोपी पडावी एवढा उंच. पण त्यावरून आवाज निघायचा तो सरळ डोंगरापलीकडे जायचा. पायथ्याच्या वाट्याला काही म्हणजे काही नाही. "दिव्याखाली अंधार तो हाच," असे टोमणे बायको एकोणीस वर्षं मारत होती.

मग मुख्य कचेरीतले साहेब आले. मनोरा ठेवायचा की बंद करायचा, ते ठरवायला. मनोरेवाल्यांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. मनोरा गेला की नोकरी गेली, नोकरीबरोबर हे घरही गेलं, आणि पंचावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण उभं करतंय?

"साहेब, डोंगरापलीकडच्या गावात चला. आवाज कसा खणखणीत येतो बघा," ते म्हणाले. जीपसुद्धा पुसून तयार ठेवली होती.

पण साहेबांची कंबर धरली होती. "एवढ्या लांब कशाला? इथंच बघू. इथं येत नसेल तर तिथं काय येणार, कपाळ?"

"तसं नसतं हो साहेब..."

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मोठा साहेब घरात आलेला, ती संधी सोडते होय! "साहेब, आता तुम्हीच काहीतरी करा. आमच्याकडे कध्धीच लागत नाही. यांना सांगून सांगून जीभ झिजली माझी." तिनं रेडिओ आणून साहेबांपुढे ठेवला आणि बटण पिरगळलं. खर्र!

मनोरेवाले हातवारे करून समजावत राहिले. साहेबांनी वहीत लिहिलं, 'खुद्द कर्मचाऱ्याच्या घरीही ऐकू येत नाही.'

"बघा, लगेच लिहून घेतलं," बायको खूश.

महिन्याभरानं एका सकाळी यंत्र चालू करून मनोरेवाले घरी येऊन दात घासत होते. डोंगरापलीकडचा दूधवाला धापा टाकत आला.

"दादा, मनोरा बंद होणार? सातच्या बातम्यांत सांगितलं!"

बायको दारातच "मीच घात केला हो," म्हणून रडायलाच लागली. मनोरेवाल्यांना तिच्यावर ओरडायचं होतं, पण तोंडात ब्रश होता. तो काढून त्यांनी एवढंच विचारलं, "नीट ऐकलंस का रे? चूक तर नाही ना झाली?"

"चूक कसली, दादा! तुमच्या मनोऱ्याचा आवाज तो. एक शब्द गळला नाही."