बदामाच्या झाडाखालची हाक

मी एक जुना शंख आहे. मित्रांनो, माझ्याबद्दल एक गोष्ट आधी लक्षात घ्या. माझा आवाज माझा नाही. जो कोणी मला फुंकतो त्याचा श्वास माझ्या पोटातून वळसे घेत बाहेर पडतो, आणि लोक म्हणतात शंख बोलला. कधी बोलायचे, कुठून बोलायचे, हे मला कधीच ठरवता आले नाही. ते आले असते तर आज मी या पायरीवर गप्प पडलो नसतो.

माझा जन्म या बेटाच्या उपसागरातल्या गवतात झाला. तेव्हा माझ्या आत एक मऊ जीव राहत होता. त्यानेच मला थर चढवत चढवत वाढवले. एके सकाळी इग्नेस नावाच्या तरुणाने बुडी मारली आणि आम्हा दोघांना वर आणले. जीव कांद्या-मिरचीबरोबर पातेल्यात गेला. मी अंगणात कोंबड्यांच्या पाण्याशेजारी पडलो. आमच्या जातीचे पुढे फारसे काही होत नाही. कोणी भाजीच्या वाफ्याची कड होतो, कोणी दफनभूमीत थडग्याभोवती तोंड वाळूत खुपसून बसतो. माझे नशीब असे, की इग्नेसच्या काकाने, आल्सीदने, मला उचलून कानाला लावले.

"याच्यात घसा आहे," तो म्हणाला. मग त्याने करवतीने माझे टोक कापले आणि ती जागा दगडावर घासून ओठाला लागणार नाही इतकी मऊ केली. ते मला दुखले, पण त्याच दिवशी मी शंखाचे शिंग झालो.

पुढची वर्षे चांगली गेली. होड्या किनाऱ्याला लागल्या की मला फुंकत, आणि डोंगरावरच्या घरांतून बायका भांडी घेऊन खाली धावत. त्या आवाजावर गावात कितीतरी चुली पेटल्या, नीरफणस भाजले गेले, हिरवी केळी उकडली गेली. कोणी मेले तर मला वेगळ्या तऱ्हेने, लांब आणि खाली ओढून फुंकत. वादळाच्या आदल्या दिवशी तर मी फुटायचाच बाकी राहिलो होतो. लोक म्हणत, "आल्सीदच्या शंखासारखा गळा या किनाऱ्यावर दुसऱ्या कुणाचा नाही." मला ते ऐकायला आवडायचे. खोटे कशाला बोलू?

आल्सीद गेला आणि मी इग्नेसच्या घरी आलो. तोवर इग्नेसचे लग्न होऊन केस पिकले होते. त्याची बायको युडॉक्सी. गाव तिला मा युडॉक्सी म्हणते. आता दुपारी मला तीच फुंकायची. रोज चर्चची घंटा झाली की ती किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, बदामाच्या झाडाखाली उभी राहायची आणि इग्नेसची होडी वाळूला लागेपर्यंत फुंकत राहायची. गावाला वाटायचे, मासळी आल्याची वर्दी आहे. वर्दी होतीच. पण तिच्या आत आणखी एक गोष्ट होती, आणि ती आम्हा तिघांनाच माहीत होती.

इग्नेसला दिसेनासे झाले होते.

आधी सुई दिसेना, मग माणसांचे चेहरे दिसेनात. शेवटी उजेड आणि सावली एवढेच उरले. खोल पाण्यात त्याला डोळ्यांची गरज नव्हती. गळाची दोरी बोटांना सगळे सांगायची. अडचण होती ती परत येताना. आमच्या उपसागराच्या तोंडाशी खडकांची रांग आहे आणि तिच्यात एकच वाट आहे, बरोबर बदामाच्या झाडासमोर. इग्नेस खडकांजवळ आला की इंजिन बंद करायचा, वल्ही हातात घ्यायचा आणि कान देऊन बसायचा. मी ज्या बाजूने बोलेन त्या बाजूला होडीचे नाक धरायचा. अशी तो कित्येक वर्षे वाट काढत होता, आणि शेजारच्या होडीवाल्यालाही कधी संशय आला नाही. गावाला कळले असते तर दुसऱ्याच दिवशी त्याची होडी ओढून वर ठेवली असती.

"सांगून टाकू या रे आता," युडॉक्सी कधी कधी म्हणायची.

"सांग. मग मला खुर्चीला बांध आणि रोज उन्हात ठेव. लोणच्याच्या बरणीसारखा."

असे म्हटले की ती त्याचा डबा बांधायला लागायची.

मित्रांनो, आता जहाजाच्या दिवसाविषयी सांगतो. मोसमात पांढरी मोठी जहाजे येतात आणि उपसागराबाहेर नांगर टाकतात. छोट्या बोटींतून पाहुणे उत्तरेच्या धक्क्यावर उतरतात, दिवसभर हिंडतात, आणि संध्याकाळच्या आत परत जातात. धक्क्याजवळ बायका मांडव घालून बसतात. युडॉक्सी जायफळ, खोबऱ्याच्या वड्या आणि बियांच्या माळा विकायची. शेजारी मर्लीन टोप्या विकायची. आणि मी टेबलाच्या मधोमध असायचो, कारण माझा एक खेळ होता.

"फुंकून दाखवा!" युडॉक्सी येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायची. पाहुणे गाल फुगवून फुंकायचे, लालबुंद व्हायचे, आणि माझ्यातून आजारी बोकडासारखी फुर्रर्र निघायची. बायका पोट धरून हसायच्या, पाहुणेही हसायचे, आणि हसता हसता एखादी माळ घ्यायचे. नव्या माणसाला शंख वाजत नाही, हे या किनाऱ्यावर सगळ्यांनी गृहीत धरलेले होते. त्यामुळे मला कोणाच्याही हातात द्यायला युडॉक्सीला कधी भीती वाटली नाही.

त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळपासून हवेत धूळ होती. समुद्रापलीकडच्या वाळवंटातून ती आमच्याकडे दरवर्षी येते. डोंगर पुसट झाले होते आणि क्षितिज नव्हतेच.

"उद्या नको जाऊस," युडॉक्सी म्हणाली. "हवा धुरकट आहे."

"मला रोजच धुरकट आहे. हवेला आज कळलं, एवढंच."

"चेष्टा नको, इग्नेस. जहाज आहे उद्या. मी धक्क्यावर असेन."

"मग अस की. घंटेच्या आधी मी कधी आलोय? घंटा झाली की झाडाखाली ये. तू तिथं असलीस की मला डोळे कशाला लागतात?"

तिने त्याच्या डब्यात भाकरीचा तुकडा आणि खारवलेला मासा बांधून दिला, आणि अंधार असतानाच त्याला होडीपर्यंत सोडले.

सकाळ गर्दीची गेली. टॅक्सीवाला कासियस पाहुण्यांचे थवे आणून सोडत होता.

"या, या! ही मा युडॉक्सी. हिच्याकडं बेटावरचं सगळं मिळतं, नवरा सोडून!"

"तोही देते," युडॉक्सी म्हणाली. "पण परत घेणार नाही."

"तुझ्या शंखाला गिऱ्हाईक, आणि माझ्या टोप्यांवर माशा," मर्लीन कुरकुरली. "उद्यापासून मीही काहीतरी फुंकत बसते."

"तू फुंकलंस तर जहाज नांगर उचलून पळेल, बाई."

तेवढ्यात फुलाफुलांचा सदरा घातलेला एक पाहुणा पुढे आला. उन्हाने त्याचे नाक सोलवटले होते. माणूस भला होता, हे मला त्याच्या हातांवरून कळले. त्याने मला दोन्ही हातांनी उचलले, लहान मुलाला उचलावे तसे.

"खरंच फुंकू?" त्याने विचारले.

"फुंका की! असे किती आले नि किती गेले."

त्याने गाल फुगवले नाहीत. ओठ घट्ट मिटून कोपऱ्यातून श्वास सोडला. आणि मी बोललो. असा बोललो, की धक्क्यावरचे पक्षी उडाले. आल्सीदच्या हातातही मी इतका स्वच्छ बोललो नव्हतो. मांडवात टाळ्यांचा एकच कडकडाट झाला.

"आमच्या गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो मी," तो लाजून म्हणाला.

"अगं बघ तरी! पाहुणा आपल्यातलाच निघाला!" युडॉक्सी टाळ्या वाजवत होती. तिला माझा अभिमान वाटत होता.

"याला ठेवून घे," मर्लीन म्हणाली, "आणि इग्नेसला जहाजावर पाठवून दे."

पाहुण्याच्या बायकोला फोटो हवा होता. खडकांची ती रांग जिथे किनाऱ्याला भिडते, त्या धक्क्याशेजारच्या काळ्या खडकांवर ती त्याला घेऊन गेली, मागे समुद्र यावा म्हणून. तिथे उभा राहून त्याने मला पुन्हा फुंकले. मग पुन्हा. लोक ओरडत होते, "आणखी एकदा!"

मित्रांनो, माणसे मला कानाला लावून समुद्र ऐकतात. मीही समुद्र ऐकतो. धुळीच्या पलीकडे एक इंजिन बंद झालेले मी ऐकले. ते इंजिन मला ओळखीचे होते. घंटा अजून झाली नव्हती. धूळ दाट होत चालली म्हणून, की होडी लवकर भरली म्हणून, कोण जाणे, पण इग्नेस आज लवकर परतला होता. आणि त्याची वाट दाखवणारा मी किनाऱ्याच्या भलत्याच टोकाला उभा राहून त्याला बोलावत होतो.

मला थांबायचे होते. पण माझ्यात दुसऱ्याचा श्वास होता, आणि तो श्वास आनंदात होता.

युडॉक्सीला आधी होडीचे नाक दिसले. धुळीतून ते हळूहळू बाहेर आले, सरळ काळ्या खडकांच्या रोखाने. तिच्या हातातल्या माळा खाली पडल्या.

"मागं!" ती किंचाळली. "इग्नेस, मागं! तिकडं नाही!"

पण टाळ्यांत तिचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही. ती खडकांकडे धावली. पाहुण्याने तिला धावत येताना पाहिले आणि त्याला वाटले, ही आणखी फुंकायला सांगते आहे. त्याने हसून मान डोलावली आणि छाती भरून श्वास घेतला.

लाटेने होडी वर उचलली आणि खडकावर आणली. लाकूड फुटल्याचा आवाज मी अजून विसरलो नाही. होडी फुटायला फार वेळ लागत नाही. कासियस आणि दोघे-तिघे कपड्यांसकट पाण्यात उतरले. त्यांनी इग्नेसला वर ओढले तेव्हा त्याच्या हातात वल्ह्याचा तुकडा तसाच होता, आणि त्याचा डावा पाय भलतीकडे वळला होता.

"एवढा मुरलेला माणूस," मर्लीन म्हणत राहिली, "खडकावर कसा आला? दिसला नाही का खडक?"

युडॉक्सी इग्नेसचे डोके मांडीवर घेऊन बसली. त्या दिवशी गावाला सगळे कळले.

पाहुण्याला मात्र काही कळले नाही. त्याला होडीवाल्याबद्दल खरेच वाईट वाटले. रिकाम्या मांडवात येऊन त्याने मला रुमालाने पुसले आणि टेबलावर जिथून उचलले होते तिथेच नीट ठेवले. मग जहाजाचा भोंगा वाजला. तेही तसेच फुंकून आपल्या माणसांना बोलावते. त्याची सगळी माणसे परत पोचली.

इग्नेस बरेच दिवस खाटेवर होता. एका दुपारी, चर्चची घंटा झाल्यावर, तो एकदम म्हणाला, "तो तुझा श्वास नव्हता."

युडॉक्सी मासे साफ करत होती. तिचे हात थांबले.

"ओळखला होतास?"

"पहिल्याच फुंकेला. तुझा श्वास शेवटी थोडा घसरतो. हा घसरला नाही."

"मग आलास कशाला रे त्याच्यामागं?"

"वाटलं, दमली असशील. दुसऱ्या कुणाच्या हातात दिला असशील. पण झाडाखालीच उभी असशील, असं वाटलं. मीच धुळीत वाहत गेलो असेन म्हणून होडी वळवली."

ती सुरी हातात तशीच धरून बसली होती.

तेव्हापासून मी या पायरीवर आहे. वारा सुटला की दार आपटू नये म्हणून मला दाराला लावतात. माझ्यात धूळ साचली आहे आणि एका कोळ्याने आत जाळे विणले आहे. मर्लीनने जहाजाच्या दिवशी एकदा मला मागितले होते. "खेळापुरता दे गं." युडॉक्सीने दार लावून घेतले.

मध्ये एकदा इग्नेस काठी टेकत शेजारी गेला होता. आता त्याला उजेडही कळत नाही. परतताना तो पायवाट चुकला आणि दफनभूमीच्या बाजूला शिरला. युडॉक्सीने पायरीवरून पाहिले. तिने मला उचलले, जाळे पुसले आणि कितीतरी दिवसांनी ओठाला लावले. मी बोललो. शेवटी तिचा श्वास थोडा घसरला, अगदी पहिल्यासारखा.

इग्नेस जागच्या जागी थांबला. त्याने तोंड माझ्याकडे वळवले. पण पाऊल उचलले नाही. तिने पुन्हा फुंकले. तो तसाच उभा राहिला, काठी छातीशी धरून, जशी त्या दिवशी वल्ह्याची मूठ धरली होती.

मग तिने मला खाली ठेवले आणि स्वतः चालत गेली. "चल," म्हणाली आणि त्याचा हात धरला. तेव्हा तो निघाला.

मित्रांनो, तुम्हीही कधी दुसऱ्याच्या गावी एका दिवसासाठी जाल. तिथली एखादी वस्तू तुम्हाला आवडेल, हातात घ्यावीशी वाटेल. जरूर घ्या. पण आधी विचारा, ही इथे कोणाच्या कामाची आहे? आणि ज्यांच्या घरात अशी वस्तू आहे त्यांनीही ती हसत हसत कोणाच्या हाती देऊ नये. तिच्या आवाजावर कोणी तरी येत असतो.

मला माझी पुढची जागा ठाऊक आहे. इग्नेस गेला की युडॉक्सी मला त्याच्या उशाशी, थडग्याच्या कडेला लावील, तोंड वाळूत खुपसून. तिथे मला कोणी फुंकणार नाही. पण समुद्र मला ऐकू येत राहील, आणि धुरकट दिवशी बाहेर एखादे इंजिन बंद झाले, की मी त्याच्यासाठी गप्प राहीन.