सोड्याच्या टाकीवरचा चोर

भेस्तानच्या त्या रंगाई कारखान्यात दुपारी मशिनं बंद होती आणि सगळे कामगार तळहात पुढे करून उभे होते, जणू प्रसादच वाटायचा होता. साड्यांचं एक पार्सल गायब झालं होतं. पोलिसांच्या आधी मालक किरणशेठनी चोर ओळखून देणाऱ्या एका बुवाला, बापूला, बोलावलं.

बापू हळदीचा ओला बोळा एकेका हातावर फिरवत होता. "देवी झूठ नहीं सहती! पापी का पंजा लाल!"

पिवळा, पिवळा, पिवळा. रामजीचा हात मात्र कुंकवासारखा लालभडक झाला.

"अरे बापरे!" गर्दी मागे सरली.

बापूने झोळीतून लिंबू काढलं. "कबूल कर. देवी का रस डालूंगा, दाग मिट जाएगा."

शेठनी कबुलीचा कागद पुढे सरकवला. "सही कर. नाय तो पोलीस."

रामजीची मुलगी विशाखा त्याचा डबा घेऊन दारात पोचली, तेव्हा रामजीने पेन उचललं होतं.

"पप्पा, थांबा!" तिने पेन काढून घेतलं. रसायनशास्त्रात बीएस्सी झालेल्या मुलीला हा लाल रंग चांगलाच ओळखीचा होता.

"ए छोकरी, वच्चे न बोल!" शेठ ओरडले.

"मध्ये बोलत नाही शेठ, दाखवते." तिने चहावाल्या सखुबाईला पुढे ओढलं. "मावशी, हात द्या."

"अगं, मी आत्ता सोडा टाकून भांडी घासत होते!"

"म्हणूनच." विशाखाने बापूच्या हातातला बोळा घेऊन फिरवला. हात लाल!

"अगं बाई, पार्सल मी नेलं व्हय!" सखुबाई किंचाळली आणि सगळे हसत सुटले.

"हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे घरोघरी दिसतं. सोड्यानेही तसंच होतं. पप्पा दिवसभर सोड्याच्या टाकीवर असतात, तो हाताच्या भेगांत मुरतो." तिने बापूचंच लिंबू मावशीच्या हातावर पिळलं. रंग पुन्हा पिवळा! "आंबट लागलं की सोड्याचा जोर मरतो. मावशी लगेच सुधारल्या!"

"तरीच," लोटू नावाचा एक कामगार पुटपुटला, "आल्या आल्या या बापूनं विचारलं, सोड्यावर कोण? कडोदऱ्याच्या कारखान्यातही यानं पकडलेला चोर सोड्यावालाच निघाला होता!"

बापू झोळी आवरायला लागला.

"मग चोर कोण?" शेठ चिडले.

"ठाऊक नाही. पण आपल्याला ठाऊक नाही म्हणून पप्पा चोर होत नाहीत. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू बेइमानीने हलवली तर ती चोरी. हलवताना कुणी पाहिलं? माल कुणाकडे सापडला? खुशाल तक्रार करा. आम्ही वकील घेऊन येऊ. पैसे नसले तर कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयात मोफत वकील मागू. पण या कागदावर सही नाही. दबावाखाली केलेली कबुली उद्या आमच्याच गळ्यात पडेल."

"नाही करणार सही," रामजी म्हणाला. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

शेठनी कागद खिशात कोंबला. बापू तोवर फाटकाबाहेर पोचला होता.

हळद भाजीत घालावी, जखमेवर लावावी. माणसाला चोर म्हणायचं असेल, तर पुरावा आणावा.