पाठ फिरली की वाक्य घाला

मी माइक बोलतोय. दचकू नका. आजवर माझ्यापुढे उभं राहून लोकांनी इतकं बरळून ठेवलंय, की मी चार शब्द बोललो तर काही आभाळ कोसळणार नाही.

माझा जन्म एका स्वच्छ, पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. माझ्या पोटात केसाहून पातळ असा सोनेरी पडदा बसवला. मग हातमोजे घातलेल्या एका बाईंनी तोंड जवळ आणून अगदी हलकी फुंकर घातली. ती मला ऐकू गेली म्हणून मी पास झालो. थोडक्यात, हळू ऐकू येतं हीच माझी लायकी. आणि पुढे नशिबात काय आलं, तर मालकांचे मेहुणे!

त्यांच्याकडे येतोच. आधी घर सांगतो. एका इमारतीच्या तळघरात डबिंगची खोली आहे. वर दातांचा दवाखाना आहे, त्यामुळे मधूनच छतातून घरघर येते आणि सगळ्यांना हात जोडून थांबावं लागतं. भिंतींना करडा स्पंज, मध्ये मी, समोर टीव्ही आणि काचेपलीकडे फिरत्या खुर्चीत मालक. सुरुवातीला माझ्या वाट्याला साबणाच्या आणि गुडघ्यांच्या तेलाच्या जाहिराती आल्या. त्याबद्दल तक्रार नाही, तेल विकणारा माणूस निदान तेलच विकत असतो.

मग जपानी मालिका येऊ लागल्या. आधी त्यांची चित्रकथेची पुस्तकं निघतात, मग त्यावरून हलती चित्रं होतात आणि शेवटी ती आमच्या तळघरात येतात, आपल्या भाषेत बोलायला. मालक त्या सगळ्यांना सरसकट ‘कार्टून’ म्हणत. ‘कार्टून तर आहे’ हे त्यांचं आवडतं वाक्य. भाषांतर चुकलं? कार्टून तर आहे. म्हातारीला तरुणीचा आवाज लागला? कार्टून तर आहे. एकदा तर राक्षस आणि त्याची बायको, दोघांचं एकाच माणसाने उरकलं.

या धंद्यात ओठ जुळवावे लागतात. चित्रातलं तोंड जेवढा वेळ हलतं, तेवढ्यात वाक्य बसवायचं. काम कष्टाचं आहे, मी नाही म्हणत नाही. पण मालकांनी त्यातून एक पळवाट शोधली होती. पात्राची पाठ फिरली, की तोंड दिसत नाही. तोंड दिसत नाही, म्हणजे काहीही कोंबता येतं! तिकडे कुणी चित्रकार महिनोन्‌महिने खपून एखाद्या बाईला खिडकीशी पाठमोरी, मुकी उभी करणार, आणि इकडे मालक काचेमागून ओरडणार, “पाठ फिरली! वाक्य घाला!” मग ती बिचारी खिडकीला सांगायची, ‘अरे वा, मी तर खिडकीशी उभी आहे!’ शांततेला हे गृहस्थ इतके का घाबरत, देव जाणे. शांततेत स्वतःचे विचार ऐकू येतात म्हणावं, तर तसाही धोका नव्हता.

अशातच ती दिवेवाल्या पोराची मालिका आली. गावोगाव फिरून विझलेले दिवे दुरुस्त करणारा एक लहान मुलगा. अबोल. सोबत एक बेडूक. मुलाचं मूळ नाव बदलून मालकांनी जे ठेवलं, ते मी उच्चारणार नाही, मलाही काही अब्रू आहे. बेडूक मुळात जेमतेम तोंड उघडायचा. आमच्याकडे तो अखंड बडबडू लागला, कारण बेडकाचं काम मेहुण्यांना मिळालं होतं. मेहुणे दर वाक्यानंतर ‘डराव’ म्हणत आणि स्वतःच हसत. त्यांच्या थुंकीने माझी जाळी भिजून जायची.

मुलाचा आवाज मात्र ताईंचा. पोरांचे आवाज बहुतेक वेळा बायकाच देतात, पोरांचे घसे ऐन मालिकेत फुटतात म्हणून. ताई चाळिशी ओलांडलेल्या, अंगाने बारीक. आत आल्या की चपला बाहेर, घड्याळ पिशवीत, चष्मा नाकावर. मग दोन्ही हात पोटावर ठेवून माझ्यापुढे उभ्या राहिल्या, की तिथे दहा वर्षांचा पोरगा असायचा. त्याची धाप, त्याचं नाक ओढणं, खरचटल्यावर ओठ दाबून काढलेला हुंकार, सगळं मी जवळून ऐकलंय. खोलीत येणाऱ्या एवढ्या माणसांत मला एकट्या ताईंबद्दल प्रेम वाटायचं, हे सांगून टाकतो.

मालिका चालू असतानाच ताईंची आई गेली. चौथ्या दिवशी ताई कामावर आल्या. मालक म्हणाले, “वाईट झालं हो. चला, सुरू करू या?”

शेवटचा भाग आला तेव्हा ताई चित्रकथेचं शेवटचं पुस्तक घेऊन आल्या. जपानी पुस्तक आपल्या उलट, उजवीकडून उघडायचं असतं. मालकांनी ते आपल्या सवयीने डावीकडून उघडलं आणि वैतागले, “पहिल्याच पानावर शेवट सांगितलाय! यात उत्सुकता काय राहिली?”

ताईंनी पुस्तक फिरवून त्यातला शेवटचा प्रसंग काढून दिला. पोरगा अखेर आपल्या घरी पोहोचतो. आई राहिलेली नाही, तिच्या खोलीतला दिवा विझलेला आहे. सलग दोन पानं नुसती त्याची पाठ. मग तो खाली बसतो, दिवा लावतो आणि पुन्हा वाटेला लागतो. दोन्ही पानांवर संवादाचा एकही फुगा नाही.

मालकांनी पान उजेडात धरलं. “इथे फुगा टाकायचा राहिलाय. छपाईची चूक.”

“चूक नाही सर,” ताई म्हणाल्या. “तो बोलत नाही.”

“पाठ आहे ना? घाला वाक्य. लेखक, काय लिहिलंय?”

आमचे मराठी संवाद लिहिणाऱ्या लेखक महाशयांनी कागद पुढे केला. ‘आई! मी आलो, पण तू गेलीस! आता माझं कोण?’ महाशयांना स्वतःलाच भरून आलं होतं.

ताईंनी चष्मा काढला. “माझी आई गेली तेव्हा मी तिच्या खोलीच्या दारात उभी होते. शेजारपाजारचे हलवून हलवून सांगत होते, बोल काहीतरी, रड तरी. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. सर, एवढी दोन पानं त्याला उभं राहू द्या. आजवर तुम्ही सांगाल ते बोलले. एवढं एक ऐका माझं.”

“अहो ताई, ते खरं आयुष्य. हे कार्टून आहे. पोरांना कळायला नको, आई गेली म्हणून?”

“पोरांना कळतं. मोठ्यांचंच अवघड आहे.”

“टेक घेतोय,” मालक म्हणाले. “बोलायचं नसेल तर उद्यापासून दुसरं कुणी बोलेल.”

लाल दिवा लागला. पडद्यावर पोरगा पाठमोरा उभा राहिला आणि माझ्यापुढे ताई. त्या बोलल्या नाहीत. मी नीट ऐकत होतो. श्वास आत गेला, अडला, मग थरथरत बाहेर आला. वरचा दवाखानासुद्धा त्या वेळी गप्प होता. मी ज्यासाठी जन्मलो ते काम मला त्या दिवशी मिळालं, असं मला अजून वाटतं.

काचेपलीकडून मालक ओरडले, “झोप लागली का?”

“हाच टेक आहे,” ताई म्हणाल्या आणि चपला घालून निघून गेल्या.

मालक काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. ताईंचं जुनं ध्वनिमुद्रण पडलेलंच होतं. त्यांनी एका जुन्या भागातलं रडणं कापून आणलं आणि त्या पाठीवर चिकटवलं. रडणं कुठलं? पोरगा पहारेकऱ्याला फसवून फाटकातून आत शिरण्यासाठी खोटं खोटं रडतो, तिथलं! ताईंनी ते मुद्दाम खोटं वाटेल असं केलं होतं, आणि फार झकास केलं होतं. आता आईच्या विझलेल्या दिव्यापुढे पोरगा लबाडीचे हुंदके देऊ लागला. त्यावर मेहुण्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं, “रडू नको मित्रा, मी आहे ना! डराव!” मालकांनी टाळी दिली. घरोघरी हेच दाखवलं गेलं.

त्यानंतर ताई एकदाच आल्या, राहिलेला चष्मा न्यायला. मालकांना त्यांनी विचारलं, “शेवटचा भाग पाहिलात का, सर?”

“छे हो. मी कुठे कार्टून बघतो!”

ताई खोलीकडे वळल्या. चष्मा घ्यायला आत आल्या, दार आपोआप मागे लागलं. टीव्ही बंद होता, माझी तारही काढून ठेवलेली होती. ताईंनी दोन्ही हात पोटावर ठेवले आणि त्या पोराच्या आवाजात, अगदी हळू म्हणाल्या, “आई, येतो गं.”

हे वाक्य मूळ जपानीत नव्हतं, लेखकाच्या कागदावर नव्हतं. इतकी वर्षं घुसडलेल्या वाक्यांचा मी तिटकारा केला, पण हे एक मला कधीही चाललं असतं. पोराच्या आईला म्हणाल्या की स्वतःच्या, ते मला विचारू नका. कुठेही नोंद न होता ते त्या स्पंजच्या भिंतींत जिरून गेलं.

हल्ली मेहुण्यांचा जोर आहे. बेडूक लोकांना फार आवडला म्हणे, म्हणून त्याला आता स्वतंत्र मालिका मिळाली आहे. माझी जाळी गंजली, सोनेरी पडद्यावर डाग पडले, तरी मी आहे तिथेच आहे. मालक मला बदलत नाहीत, कारण बेडकाला चांगला माइक कशाला हवा?

तेव्हा माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरी तो बेडूक आला आणि चित्रातलं कुणी पाठ फिरवून उभं राहिलं, की रिमोट उचला आणि आवाज बंद करा. पूर्ण बंद. आवाज पोहोचवण्यातच जन्म गेला माझा, तरी सांगतो, मला अजिबात वाईट वाटणार नाही.