मास्तरांचं कॉर्नेट

भोंगेकाकांच्या घशाखाली सकाळपासून घास उतरत नव्हता. बायकोने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्यांनी पित्ताचं नाव पुढे केलं.

हा माणूस नोकरीभर दारोदारचे विजेचे मीटर वाचत हिंडला आणि त्याच काळात बँडची जुनी पितळी वाद्यं गोळा करण्याच्या नादी लागला. वाजवता एकही येत नव्हतं. पण वाद्य हातात आलं की कर्ण्यावरची नक्षी आणि मधल्या पिस्टनच्या नळीवर ठोकलेला नंबर पाहून ते कुठल्या कारखान्याचं, साधारण कुठल्या सालचं, हे काका घडाघडा सांगत. माणूस थापा मारेल, नंबर मारत नाही, हे त्यांचं पालुपद. आता एका नंबरानेच त्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं.

आठवड्यापूर्वी एका जुन्या बँडमास्तरांच्या मुलीचा फोन आला. वडील ब्याऐंशी वर्षांचे. विसरायला लागलेत, मधूनच तिलाही ‘आपण कोण’ म्हणून विचारतात, पण स्वतःचं कॉर्नेट, ते तुतारीसारखं आखूड पितळी वाद्य, मात्र रोज मागतात. ते त्यांच्या आजारपणात आईने भंगारात देऊन टाकलं होतं. बँडच्या जुन्या वहीत त्याचा नंबर सापडलाय, तुमच्याकडे आहे का बघाल?

होतं. मधल्या फळीवर, डावीकडून तिसरं. काकांनी हुरळून ‘या की’ म्हणून टाकलं आणि फोन ठेवल्यावर त्यांना आठवलं, आपण त्या कॉर्नेटचं काय करून ठेवलंय.

नवखेपणी काकांना चकाकीचं भारी वेड. हे कॉर्नेट आणल्या आणल्या त्यांनी कारागिराकडून त्याचे पोचे काढवले, बफ मारवला, वर चांदीचा नवा मुलामा चढवला. मास्तरांचा अंगठा वर्षानुवर्षं जिथे टेकत होता, तिथला मुलामा झिजून पितळ गुळगुळीत झालं होतं. ती खूणही गेली. काका चार लोकांना बोलावून आरशासारखं वाद्य दाखवत होते. त्यातल्या एका जाणत्याने हातात घेऊन खाली ठेवलं आणि तो म्हणाला, “तुम्ही वाद्य नाही घासलंत, माणूस घासून टाकलात.”

तेव्हापासून काकांनी पॉलिशला हात लावला नाही. पुढे अकरा वर्षं एका घराचे उंबरठे झिजवून त्यांनी दुसरं एक कॉर्नेट मिळवलं. काळवंडलेलं, पोचे पडलेलं, कुणीही न घासलेलं. तो त्यांचा जीव की प्राण. ते काचेच्या कपाटात एकटंच असे.

पाहुण्यांची चाहूल लागली तेव्हा काका बुटाच्या पॉलिशची डबी उघडून बसले होते. चकचकीत वाद्य जरा काळं करावं म्हणून. स्वतःचीच इतकी लाज वाटली की डबी त्यांनी उशीखाली सारली.

मास्तर मुलीचा हात धरून आले. सदऱ्याची सगळी बटणं लावलेली. काकांनी कॉर्नेट त्यांच्या हाती दिलं. म्हाताऱ्याचा अंगठा नळीवरून पुढे गेला, मागे आला, कुठेच टेकेना.

“हे माझं नाही,” ते शांतपणे म्हणाले. कुणाची चुकून आलेली छत्री परत करावी तसं त्यांनी ते टेबलावर ठेवलं.

मुलीने वहीतून चिठ्ठीवर उतरवून आणलेला नंबर पडताळला. तोच होता. तिने परोपरीने समजावलं, पण मास्तर ढिम्म. आता सांगूनच टाकावं म्हणून काकांनी तोंड उघडलं, तोवर मास्तर उठून कपाटापाशी गेले होते.

“हे बघ. हे इथं आहे.”

काकांनी कुलूप काढलं. मास्तरांनी काळवंडलेलं कॉर्नेट उचललं आणि त्यांचा अंगठा एका झिजलेल्या जागी अलगद बसला. कुणाच्या अंगठ्याने झिजली होती, देव जाणे. बोटं आपसूक पिस्टनवर चालू लागली. डोळे मिटून ते मुलीला म्हणाले, “तुझ्या आईला सांग, सापडलं म्हणून.” मुलीला त्यांनी बऱ्याच दिवसांनी ओळखलं होतं. तिला हुंदका आवरेना.

मग तिने डोळे पुसून या वाद्याचाही नंबर वाचला, हातातली चिठ्ठी पाहिली आणि घाबरून काकांकडे बघितलं.

काकांनी आयुष्यात मीटरचा एक आकडा खोटा लिहिला नव्हता. अकरा वर्षांचे उंबरठे त्यांना एकदम आठवले, आणि रडू येईल असं वाटलं.

“वहीत चुकलं असेल,” ते म्हणाले. “हेच त्यांचं. घेऊन जा.”

तिला सगळं कळलं. मास्तर कॉर्नेट पोटाशी धरून जिना उतरू लागले, तेव्हा ती दारात थांबली आणि टेबलाकडे पाहून तिने हळूच विचारलं, “मग ते कुणाचं?”

“ते माझं,” काका म्हणाले. “मीच घासलंय ते.”