हगाम्यातला सर्व्हर

काष्टीच्या महमूदभाईंनी आयुष्यभर लग्नं शूट केली, आणि लग्नाचा एक नियम त्यांच्या हाडीमाशी खिळला होता. अक्षता पडल्या की कॅमेरा नवरानवरीवरून उचलायचा आणि पाहुण्यांवर फिरवायचा. नवरानवरी काय, नंतर फोटोला उभीच असतात. पण व्हिडिओत एखाद्या मामाचं तोंड दिसलं नाही, तर तो मामा वर्षभर दुकानावरून मान वळवून जातो. याच नियमावर महमूदभाईंचा स्टुडिओ उभा राहिला आणि याच नियमाने त्यांना वाडीच्या जत्रेत तोंडघशी पाडलं.

जत्रेत कुस्त्यांचा हगामा होता आणि त्याचं चित्रण करून मोठ्या पडद्यावर दाखवायचं काम महमूदभाईंकडे होतं. यंदा पहिल्यांदाच त्यात मुलींची जोड लागली होती. एकीकडे वाडीतल्या गोरक्षची लेक मोनिका, दुसरीकडे पलीकडच्या तालुक्यातल्या सूर्यभान वस्तादांची पठ्ठी. पोरीच्या जातीनं मातीत लोळू नये असं मोनिकाला वर्षानुवर्षं ऐकवणारे सगळे पुढच्या रांगेत जागा धरून बसले होते. हलगी तापली. मोनिकाने कलाजंग डाव लावला, समोरचीला खांद्यावर उचललं आणि मातीवर टाकलं. लोकांनी एकच गलका केला. आणि महमूदभाईंचा हात, अक्षता पडल्यासारखा, आपोआप पाहुण्यांकडे वळला.

सूर्यभान वस्ताद तावातावाने आत आले. पोरगी कुशीवर पडली, दोन्ही खांदे एकदम टेकले नाहीत, तेव्हा कुस्ती बरोबरीत सोडवा, असं त्यांचं म्हणणं. पंचांतही दोन तट पडले. शेवटी ठरलं की मोठ्या पडद्यावर चित्रण बघायचं. त्यात दिसलं तर मोनिका जिंकली, नाही दिसलं तर बरोबरी.

पडद्यावर मोनिकाने डाव लावला, उचललं, आणि ऐन वेळी सरपंच दिसले. तोंड उघडं, हातात शेंगदाणे. सगळा हगामा हसला. फक्त मोनिका हसली नाही. कमरेवर हात ठेवून ती मातीकडे बघत उभी राहिली, आणि महमूदभाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्यांची लेक फरहीन तिथेच शाळेच्या ओट्यावर बसली होती. समोर तिचा सर्व्हर, म्हणजे स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर, टेम्पोतून आणून इन्व्हर्टरवर लावलेला. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेली आणि सगळ्यांसाठी खुली ठेवलेली सॉफ्टवेअर तिने त्यात बसवली होती. कुठलाही व्हिडिओ द्या, फरहीन त्याचं एन्कोडिंग करायची. म्हणजे कमी रेंजच्या मोबाईलवर न अडकता चालेल असं त्याचं रूप बनवायची आणि तिच्या साइटवर लावायची. महमूदभाईंचा या गोष्टीवर काडीचा विश्वास नव्हता. फुकटात मिळतं ते टिकत नाही, असं ते गिऱ्हाइकांसमोरसुद्धा बोलून दाखवत. फरहीन ऐकून घेई आणि आपलं काम करी.

आता ती उठली आणि तिने माइक घेतला. ज्यांनी मोबाईलवर कुस्ती काढली असेल त्यांनी ओट्याजवळ यावं, इथल्या वायफायवरून थेट मशीनमध्ये पाठवावी, आवाजासकट, न कापता, असं तिने सांगितलं. वडिलांकडे तिने बघितलंही नाही. ती रागावली असती तर महमूदभाईंना सोपं गेलं असतं.

माणसं आली. कुणाचा व्हिडिओ उभा, कुणाचा आडवा, कुणाच्या निम्म्या चित्रात स्वतःचंच बोट. मोनिकाच्या चुलतीचा, मालनबाईंचा, ओरडण्याच्या भरात नुसता हलत होता. पण त्यात खाली पडलेल्या पोरीचा उजवा खांदा मातीला लागलेला दिसत होता. डावा कुणाकडेच नव्हता. मग गर्दीतून रंगनाथ पुढे आले. हे हरलेल्या मुलीचे वडील. समोरच्या बाजूने त्यांनी आपल्या लेकीची कुस्ती काढली होती. सूर्यभान वस्तादांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"वस्ताद, माझी पोर बी उद्या कुनाला तरी चितपट करंल," रंगनाथ म्हणाले. "तवा तिला कुनी खोटं म्हनू नये."

त्यांनी व्हिडिओ पाठवला. त्यात डावा खांदा होता. पण दोन खांदे दोन मोबाईलमध्ये. एकाच वेळी टेकले हे कसं ठरवायचं? फरहीनने दोन्ही व्हिडिओ एका मापाचे, एका वेगाचे करून घेतले. मग आवाज जुळवला. हलगी दोन्हींत वाजत होतीच. थापेवर थाप बसवली आणि चित्रं शेजारी शेजारी मांडली. मशीनचा पंखा भणभणत होता. आपल्या चुकीपायी एका पोरीची कुस्ती जाणार, हे महमूदभाईंच्या छातीवर बसलं होतं.

पडद्यावर दोन चौकटी उघडल्या. फरहीनने चाल मंद केली. हलगीची एक थाप लांबलचक घुमली आणि त्याच थापेत डाव्या चौकटीतला खांदा टेकला आणि उजव्या चौकटीतलाही. तिने चित्र तिथेच थांबवलं. सूर्यभान वस्ताद चालत आत गेले आणि त्यांनी स्वतः मोनिकाचा हात वर केला. गोरक्षने फेटा आणला, पण त्याला तो बांधता येईना. मालनबाईंनीच पोरीच्या डोक्याला तो बांधला, आणि पुढच्या रांगेतले सगळे उभे राहिले.

तासाभरात ती कुस्ती साइटवर लागली आणि पुण्या-मुंबईला गेलेली वाडीची माणसं फोन करू लागली. तेवढ्यात सूर्यभान वस्ताद महमूदभाईंच्या समोर येऊन उभे राहिले. आमच्याही तालमीत असं बसवून पाहिजे, तुमच्या स्टुडिओचं काय म्हणणं आहे, असं त्यांनी अदबीने विचारलं. दुकानाची पाटी महमूदभाईंच्याच नावाची. चार तालुक्यांत कुणीही त्यांनाच विचारलं असतं.

महमूदभाईंनी ओट्याकडे पाहिलं. फरहीन वायर गुंडाळत होती आणि मोनिका फेट्यासकट तिच्या शेजारी बसून काहीतरी विचारत होती. त्यांचा आवाज जरा चढाच लागला.

"मला नका इचारू, वस्ताद. तिला इचारा," ते म्हणाले. "मी नुसता बाप हाय तिचा."