सोन्याखालचा पांढरा

मित्रांनो, मी एक जुने हेल्मेट आहे. सोनेरी दिसते, पण माझे कौतुक करू नका. या रंगाची मला फार लाज वाटते.

मी मुळात पांढरे. फिनलंडमधल्या आमच्या गावच्या आइस हॉकी संघात इल्पो केर्तुला बचावाला खेळायचा आणि त्याचे डोके सांभाळणे हे माझे काम. मोठ्या संघांची बोलावणी आली, तरी त्याने हा संघ सोडला नाही. गोल करणारे दुसरे. आम्ही आपली रबरी चकती अडवायचो. तेव्हा मी खुंटीवरसुद्धा ऐटीत असे.

आमच्याकडे प्रत्येक संघात गोल करून किंवा करायला मदत करून सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू सोनेरी हेल्मेट घालतो. एका वर्षी आमचा संघ इतका ढेपाळला, की हा मान चक्क इल्पोकडे आला! संघाचे सामान सांभाळणाऱ्या राइलीबाईंनी मलाच सोनेरी रंग फवारला.

शेवटचा सामना हरलो, तर संघ खालच्या गटात जाणार होता. पाहुण्यांच्या बाजूने कुणीतरी ओरडले, "ए म्हाताऱ्या, डोक्यावर सोनं आणि पायात लापशी!" सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बरोबरीत सामना संपत आला होता. समोरून चकती सुटली. इल्पोने नेहमीसारखे अंग झोकून दिले. चकती माझ्यावर आदळली आणि उडून आमच्याच जाळ्यात गेली. आयुष्यभर जी अडवली, ती मीच आत घातली!

सामन्यानंतर बाकीचे सॉनाच्या गरम वाफेत जाऊन बसले. इल्पो मला घेऊन बाहेर बाकावर बसला. आता हा मला फेकणार, असेच मला वाटले. राइलीबाई रंगाचा डबा घेऊन आल्या.

"टवका उडालाय रे. फवारू पुन्हा?"

"नको. खालचं पांढरं दिसतंय ना, तेच माझं."

"आणि आता काय, तळ्यावर मासे धरत बसणार?"

"छे! खालच्या गटात काय गोल अडवायचे नसतात?"

"या गुडघ्यांनी?"

"गुडघे गेले, राइली. डोकं शाबूत आहे. आज यानंच वाचवलं ते."

त्याने मला काखेत घेतले. पुढचा हंगाम आम्ही खालच्या गटात खेळलो. वर काही येता आले नाही. त्या चकतीची आठवण निघाली, की आजही माझी मान वर होत नाही.

मित्रांनो, मला पुसायला घ्याल, तेव्हा सोने गेले तर खुशाल जाऊ द्या. तो पांढरा टवका तेवढा जपा.